रोज उघडणारी खोली

अनुदानाच्या अर्जात 'केरसुणी' हा शब्द लिहायची तुम्हाला लाज वाटेल का? खरं सांगा. मला वाटली होती. आमच्या नाट्यमंडळाचे चिटणीस सबनीसकाका मात्र तो दरवर्षी ठळक अक्षरात लिहितात. त्याखाली पंखा, विजेचं बिल, पाण्याचा माठ, संहितेच्या झेरॉक्स.

बडोद्याच्या दांडिया बाजारात एका फरसाणाच्या दुकानावर मंडळाची भाड्याची खोली आहे. काका रेल्वेत गार्ड होते. अजूनही संध्याकाळी सहाच्या ठोक्याला ते खोलीचं कुलूप काढतात, तालीम असो वा नसो. कोणी उशिरा आलं की रजिस्टरात 'लेट' असा शेरा मारतात आणि कारणाचा रकाना त्याच्याचकडून भरून घेतात. एकदा मी कारण लिहिलं, 'वैचारिक मतभेद'. काकांनी पुढे लिहिलं, 'चौकशी केली. झोप लागली होती.'

काकांचं आणि माझं भांडण एकाच गोष्टीवरून. मी पत्रकांवर वाढले. आई युनियनची पत्रकं लिहायची. 'जाहीर निषेध' हे शब्द मला बाराखडीच्या आधी वाचता येत होते. त्यामुळे अर्जाचा मसुदा माझ्या हाती आला की त्यात 'संस्कृतीवरील घाला' येतोच. काका लाल पेन्सिल काढतात.

"वाढवू नकोस. घाला कोणी घातलाय? पंखा बिघडलाय. पंखा लिही."

यंदा मात्र गोष्ट पंख्यावर थांबणारी नव्हती. घरमालकाने भाडं वाढवलं आणि दिवाळीपर्यंतची मुदत दिली. संस्था चालवण्यासाठीचं अनुदान मिळालं तर खोली राहणार, नाहीतर किल्ली परत. आणि अनुदान देणाऱ्यांना हवं असतं काहीतरी नवं. महोत्सव भरवा, कार्यशाळा घ्या, पैसे मिळतात. दार रोज उघडतं यासाठी कोणी देत नाही. नाटक काय महोत्सवाच्या दिवशी आकाशातून पडतं? ते चुकत चुकत, महिनोन्महिने, अशाच एखाद्या खोलीत उभं राहतं.

"एखादा महोत्सव लिहून टाका ना," मंडळातल्या एकाने सुचवलं. "नंतर बघू."

काकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "जी गाडी सुटणार नाही, ती वेळापत्रकात लिहायची नाही."

मग अर्ज घेण्याआधीच्या पाहणीसाठी अनुदान देणाऱ्यांचे अधिकारी आले. अलकापुरीतल्या ऑफिसातून, इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. नेमका त्या दिवशी आमच्या नाटकातला वकील कोयलीच्या रिफायनरीत शिफ्टवर अडकलेला. तालमीला कोणी गैरहजर असेल तर जो हजर असेल त्याने त्याची वाक्यं वाचायची, हा काकांचा नियम. त्यात पाहुण्यांना सूट नाही.

"आवो साहेब. बेसता नहीं. आजे तमे वकील छो." काकांनी त्यांना बसूच दिलं नाही.

"हूं?" स्वतःकडे बोट दाखवत साहेब दचकले.

"तमे. अमारो वकील शिफ्टमां छे." काकांनी त्यांची फाईल काढून घेतली आणि संहिता हातात ठेवली.

मी डोळे मिटले. गेली खोली, म्हटलं. पण साहेब वाचायला लागले. अडखळत, गुजराती हेल काढत, मराठी वकील आरोपीला दरडावू लागला. तिसऱ्या पानावर त्यांनी बाही वर केली. पाचव्या पानावर टेबलावर मूठ आपटली आणि माठावरचा पेला खाली पडला. शेवटी घाम पुसत म्हणाले, "मजा आवी." मग फाईल उघडली आणि त्यांचा चेहरा पुन्हा इस्त्रीचा झाला. "पण काका, आमां नवुं शुं छे?"

"नवुं कंई नथी, साहेब. रोज खोलीए छीए."

'रोज उघडतो', एवढंच काकांचं उत्तर. साहेबांनी ते लिहून घेतलं की नाही, मला दिसलं नाही.

शेवटचं काम होतं अर्ज संगणकावर भरण्याचं. 'अनुदान न मिळाल्यास काय थांबेल?' असा एक प्रश्न त्यात असतो. कागदी अर्जात काका तो दरवर्षी कोरा सोडायचे. या वेळी कोरा सोडता येईना. पुढे जायचं बटण दाबलं की रकाना लाल व्हायचा.

"'लागू नाही' लिही," काका म्हणाले. लिहिलं. शब्द कमी आहेत, असं उत्तर आलं.

मी बोटं सरसावली. "या शहरातील मराठी रंगभूमीचा श्वास..."

"वाढवू नकोस."

काका खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली दुकानात गाठिया तळत होते. मग माझ्याकडे न बघता ते सांगू लागले.

"लिही. ही गेल्यापासून घरी बोलायला कोणी नाही. सकाळी दूधवाला येतो, तो पिशवी अडकवून जातो. संध्याकाळी इथे कोणी ना कोणी गैरहजर असतं, मग मी वाचतो. वाक्यं दुसऱ्याची असतात. पण दिवसभरात माझा आवाज मला तेवढाच ऐकू येतो. ते थांबेल."

मी टाइप केलं.

"पुरले शब्द?"

"थोडे कमी पडतायत, काका."

त्यांनी विचार केला. "मग लिही, पंखाही थांबेल."

रकाना हिरवा झाला. तसे काका भानावर आले. "खोड ते. कमिटीला माझ्या घरचं काय करायचंय?"

"खरं आहे ना, काका?"

"आहे."

"वाढवलंय?"

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "पाठव."

निकाल अजून आलेला नाही. पण मला तुमच्याकडून एक हवंय, आणि त्याला कुठल्या समितीची मंजुरी लागत नाही. तुमच्याही गावात कोणीतरी अशी एखादी खोली रोज उघडत असेल. या आठवड्यात तिथे जा. कार्यक्रम नसेल अशाच दिवशी जा. आणि कुलूप काढणाऱ्या माणसाला विचारा, आजचा दिवस कसा गेला.