चष्मेवाल्यांचे तीन ‘नाही’

“तुलना? करू दे की! बाकीचे चौघे माझ्यापुढे पाणी भरतील!” वॉर्डाच्या निवडणुकीला उभे असलेले चष्मेवाले म्हणाले, आणि दातांत स्क्रू धरून एका चष्म्याची काडी बसवू लागले. उमेदवारांची मतं शेजारी-शेजारी मांडून मतदाराशी कुणाचं किती जुळतं ते सांगणारी वेबसाइट निघाली होती. तिथलं एकेक विधान बायको वाचून दाखवत होती आणि ते पटतं का, याचं उत्तर मोबाइलवर भरत होती.

प्रश्न एक. दुकानांपुढे गाड्या लावायला बंदी असू नये.

“नाही! गिऱ्हाईक काय उडत येणार?”

बायकोनं ‘नाही’ दाबलं.

प्रश्न दोन. फुटपाथवरच्या पाट्या काढू नयेत.

“नाही, नाही! आपला चष्मा वडिलांपासून उभा आहे!” (दारातला लाकडी चष्मा. हत्तीच्या नाकावर बसेल एवढा.)

‘नाही’.

प्रश्न तीन. निवडून आलेल्यांना रोज रस्ता झाडायला लावू नये.

“छे! मुळीच नाही!”

बायकोनं ‘मुळीच नाही’ शोधलं. होतं!

दुसऱ्या दिवशी समोरच्या शाळेतल्या बाई दुकानात शिरल्या. “अहो, तुमचं-माझं चौऱ्याण्णव टक्के जुळलं!”

“चौऱ्याण्णव? एवढं तर घरातही जुळत नाही!”

“मग पाट्या काढायला मुहूर्त कशाला बघायचा? आणा रे पहार!”

मागे दहा-बारा मतदार! धाडकन् लाकडी चष्मा आडवा! काडी गटारात! टाळ्याच टाळ्या! “स्वतःच्या दारापासून सुरुवात! असा माणूस हवा!” चष्मेवाले काडी काढायला गटारावर वाकले. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या हातात खराटा दिला आणि फोटोही काढला.

गर्दी पांगल्यावर त्यांनी मोबाइल हिसकावला. वाचलं. पुन्हा वाचलं.

“अगं, हे काय भरलंस?”

“तुम्ही नाही म्हणालात, मी नाही दाबलं.”

“अगं, पण ते ‘नाही’ म्हणजे ‘हो’ होतं!”

“तीस वर्षं तुमचं ‘हो’ म्हणजे ‘नाही’ असतं, एवढं मला ठाऊक होतं. हे नवीनच!”

“बदल आत्ताच्या आत्ता!”

“मुदत संपली.”

प्रश्न चार. (हा वेबसाइटवर नव्हता.)

“तू तरी मला मत देणार नाहीस का गं?”

“नाही, नाही!”

चष्मेवाल्यांनी बोटांवर ‘नाही’ मोजले. “म्हणजे... नक्की काय?”

“देणार की! त्या वेबसाइटवरच्या चष्मेवाल्यांनाच देणार!” ती खराटा त्यांच्याकडे सरकवत म्हणाली. “तुम्ही उभे असतात तर दिलं नसतं!”