साहेबांच्या कानांचा वारा

एका जंगलात, बाळांनो, झाडं होती, प्राणी होते आणि हवामान खातंसुद्धा होतं. हसू नका. राजा आहे म्हटल्यावर खाती असायचीच.

खात्याचे साहेब म्हणजे दंतेराव हत्ती. निरीक्षक कोल्हा. नदीकाठच्या खडकावर कोल्ह्यानं एक काठी रोवली होती. तिला दोऱ्यानं सावरीच्या कापसाचा झुबका बांधला होता. झुबका पूर्वेला उडाला की वारा पश्चिमेचा. एवढंच यंत्र. पण यंत्र चांगलं होतं हं.

त्या जंगलात पश्चिमेचा वारा कोरडा, पूर्वेचा दमट. दोघं भिडले की ढग चढायचे आणि पाऊस कोसळायचा. म्हणून कोल्हा रोज पळसाच्या पानावर बाण काढून बघायचा, कुठला वारा कुठवर आला ते.

भानगड एकच होती. साहेब काठीच्या पश्चिमेला बसत. आणि बसल्या बसल्या कान हलवत.

त्यामुळे अंदाज रोजचा ठरलेला. कोरडं राहील.

एका सकाळी टिटवी आली. अंगानं जड झालेली.

"कोल्होबा, अंडी आज-उद्यावर आलीत. वाळूत घालू की माळावर? गेल्या साली तुम्ही कोरडं म्हणालात, मी वाळूत घातली. चारही वाहून गेली."

"गेल्या सालचा अंदाज बरोबर होता, बाई," कोल्हा म्हणाला. "पाऊस चुकला."

टिटवीनं झुबक्याकडे बघितलं. मग साहेबांकडे.

"साहेब, जरा कान थांबवता का?"

"माशा चावतात," साहेब म्हणाले. "आणि खात्याचा वारा थांबवणारी तू कोण गं?"

एवढं बोलून साहेब दमले. त्यांचा डोळा लागला. कान थांबले.

झुबका सावकाश फिरला आणि पश्चिमेला उडाला. पूर्वेचा दमट वारा आला होता.

कोल्ह्यानं झटकन झुबका मुठीत धरला. "यंत्र बिघडलंय. तू नंतर ये."

टिटवी उडाली. तडक माळावर गेली.

दुसऱ्या दिवशी ढग जमले. तीन दिवस नुसता पाऊस. काठी गेली, पळसाची पानं गेली, साहेब पोटापर्यंत पाण्यात उभे. माळावर टिटवीची चारही अंडी शाबूत.

पूर ओसरला तसा कोल्हा माळ चढून आला. आदेश वाचू लागला.

"टिटवीनं अंडी उंचावर घातल्यामुळे पूर आला. पुढल्या साली अंडी वाळूतच घालावीत. हुकमावरून, दंतेराव."

टिटवी अंड्यांवरून उठली नाही. "वाचून झालं?"

"झालं." कोल्ह्यानं मागं वळून बघितलं. साहेब लांब होते. मग तो खाली वाकला. "बाई, पुढल्या साली कुठं घालणार आहेस? नाही, आपलं सहज. माझं बीळ नदीकाठीच आहे."

आता तात्पर्य ऐका: अंदाज नेहमी खात्याचाच मानावा. बीळ मात्र टिटवीला विचारून खणावं.