हेझलनटची नेमकी व्याख्या

जगातली कुठलीही वस्तू डोळ्यांनी न बघता मी तुम्हाला अचूक समजावून सांगू शकतो! ही बढाई नाही, माझा पोटापाण्याचा धंदा आहे. मी शब्दकोश लिहितो. खुर्चीतून न उठता मी हिमनद्या ओलांडल्यात आणि विंचवाच्या नांगीचं वर्णन करताना स्वतःच कळवळलोय.

माझी एक पद्धत आहे. व्याख्या लिहून झाली की ती मी सासऱ्यांवर तपासतो. ते एका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेत आणि आमच्याकडेच असतात. त्यांना मूळ शब्द सांगायचा नाही. नुसती व्याख्या पाठ करून घ्यायची आणि बाजारात पाठवायचं. बरोबर वस्तू आली की व्याख्या पास! एकदा ‘खुर्ची’साठी ते स्टूल घेऊन आले होते, पण पाठ टेकायचा उल्लेख माझ्याकडूनच राहिला होता.

त्या दिवशी शब्द निघाला हेझलनट. आणि गंमत म्हणजे बायकोलाही हेझलनटच हवे होते! तिनं नुकतीच घरून केक करून द्यायला सुरुवात केली होती. पहिलीच ऑर्डर वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंची. त्यांच्या वडिलांचा वाढदिवस, केक हेझलनटचा, संध्याकाळी हवा. केक जमला तर बाई दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगणार होत्या. बिघडला तरी सांगणारच होत्या. त्यामुळे बायको सकाळपासून थोडी खुशीत आणि बरीचशी धास्तीत होती.

“अहो, हेझलनट हेझलनट सगळे म्हणतात. कॉफीत असतो, चॉकलेटात असतो. पण दिसतो कसा हो? थांबा, फोनमध्ये बघते.”

“खबरदार! नवरा कोशकार असताना अर्थ फोनला विचारणार? उद्या शेजारी काय म्हणतील?”

“शेजारी केक कुठाय म्हणतील!”

मी खाकरलो आणि व्याख्या म्हटली, “गोलसर, तपकिरी, टणक, सुके फळ. फोडून, कुटून वापरतात. घराघरांत परिचित.”

“आणि खातात, ते?”

“अगं, फळ म्हटलं की खाणं आलंच! ‘खाद्य’ हा शब्द मी आधी घातला होता, मग काढला. कोशात शब्द असे उधळायचे नसतात.”

बाहेरच्या खोलीतून बोलावलेल्या सासऱ्यांनी नुसती व्याख्या घोकली, पिशवी घेतली आणि निघाले. परत आले ते विजयी मुद्रेनं. हातात तपकिरी भुकटीचा चांगला घसघशीत पुडा!

“जावईबापू, पास! दुकानदाराला पहिलं वाक्य म्हणून दाखवलं, तो विचारात पडला. ‘घराघरांत परिचित’ म्हटलं मात्र, त्यानं लगेच डबा काढला! म्हणाला, सगळं जुळतंय. मी म्हटलं, तुम्हीच कुटून द्या, पोरीचे कष्ट वाचतील.”

बायकोनं पुडा हुंगला. “वास जरा विचित्रच येतोय.”

“हेझलनटचा वास तसाच असतो.”

“तुम्ही कधी घेतलाय?”

“सकाळपासून हा शब्द माझ्या नाकासमोर आहे!”

तिनं अंडी फोडली, साखर घातली, दूध घातलं, पूड ओतली आणि बीटर सुरू केला. मिश्रण फुलायला लागलं. चांगलं दुप्पट झालं!

“बघ, कसं हलकं होतंय! हा हेझलनटचा गुण.” मी घाईघाईनं कागदावर भर घातली: ‘घुसळल्यास फुलते.’

मिश्रण फुलतच राहिलं. पातेल्याच्या काठाशी आलं, काठावरून ओट्यावर उतरलं, ओट्यावरून शेगडीखाली शिरलं. बायकोनं बीटर उचलला, तर फेसाचा गोळा उडून थेट माझ्या चष्म्यावर!

“अहो, हे थांबत का नाहीये?”

“बाबा, जरा चव बघता का?” मी आंधळेपणानं म्हणालो.

सासऱ्यांनी बोटभर चाटलं. त्यांचा चेहरा असा काही आक्रसला, की ओळख पटेना. ते नळाकडे धावले, चूळ भरली, आणि पाणी मिळताच तोंडातल्या फेसाला जोरच चढला!

नेमकी त्याच वेळी बेल वाजली. डॉक्टरीणबाई मेणबत्त्या द्यायला आल्या होत्या. समोर तोंडाला फेस आलेले सासरे! बाईंनी मेणबत्त्या फेकल्या आणि नाडी धरली.

“फिट कधी आली?”

“फिट नाही हो, केक आहे!” बायको रडवेल्या आवाजात म्हणाली.

बाईंनी ओट्यावरचा फेस बोटावर घेतला, चोळला, हुंगला. “अहो, हा तर रिठा! आमची आई यानं केस धुवायची.”

ओट्यावरचा फेस अजून बारीक फसफसत होता. सासरे चूळ टाकून म्हणाले, “म्हणजे... व्याख्या नापास?”

पदर खोचून बायको पातेल्यासमोर नुसती उभी राहिली. तिचे डोळे भरलेले बघितले आणि मला माझी फार लाज वाटली. मी खाली बसून फरशी पुसायला लागलो. सासऱ्यांनी गुपचूप दुसरी बादली आणली.

“हेझलनट राहू दे गं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “घरात काय आहे?”

“बदाम आहेत.”

“मग बदामाचा कर. मी अंडी फोडून देते.”

संध्याकाळी बाईंचे वडील, म्हणजे वाढदिवसाचे आजोबा, स्वतःच खाली आले. पहिला घास खाल्ला, डोळे मिटले, दुसरा मागितला. बायकोनं श्वास सोडला, पण गप्प राहणं तिच्या स्वभावात नाही. “आजोबा, यात हेझलनट नाही हं. बदाम आहेत.”

“असू दे की! पुढच्या रविवारी माझी मित्रमंडळी येतायत, आणखी दोन करशील? असेच, बदामाचे.” बायकोचा चेहरा असा उजळला की मला सगळी फरशी पुन्हा पुसावीशी वाटली! आजोबांनी बशी पुढे केली. “पण मला सांगा, हेझलनट म्हणजे नेमकं काय असतं हो?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाकरलो, तोंड उघडलं, आणि बायकोनं चपळाईनं त्यात केकचा भलामोठा तुकडा कोंबला.

केक उत्तम होता. खाद्य होता. एवढं मात्र मी स्वतः खाऊन सांगतोय!