तीर्थातला व्हॉल्व्हॉक्स

सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याचा थेंब ठेवा, त्यातलं शेवाळ मी आकारावरून ओळखतो. धाग्यात हिरवी फीत गुंडाळलेली दिसली की स्पायरोगायरा. हिरवे गोळे गरगरत निघाले की व्हॉल्व्हॉक्स. कसल्या पाण्यातलं, तेही सांगतो! शहात्तर साली आमच्या सोलापूरच्या कॉलेजात हे न पटलेला एकच माणूस होता, आणि नेमके ते आमचे विभागप्रमुख, आमच्याच गल्लीतले चन्नवीर सर.

"सोमवारी जिवंत व्हॉल्व्हॉक्स दाखवा," सर म्हणाले. "मग तुम्हाला नोकरीत कायम करायचं बघू."

रविवारी कुंभारीजवळचं म्हशींचं डबकं गाठलं. व्हॉल्व्हॉक्स मिळाला. चिखलात चप्पल तुटली, म्हणून बरणी छातीशी धरून अनवाणीच घरी आलो. उजेड हवा म्हणून ती देव्हाऱ्याशेजारच्या खिडकीत ठेवली आणि कुणी हात लावू नका, असं सगळ्यांना बजावलं. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. उठायचो, बरणीपुढे वाकायचो, परत येऊन बसायचो. अक्कलकोटहून आलेल्या सासूबाई, ईरम्मा, हे कौतुकानं पाहत होत्या. एरवी मी देवापुढे वाकत नाही.

सकाळी आंघोळ करून येतो तर बरणी घासून पालथी!

"मामी, पाणी कुठंय?"

"तीर्थ काचंत ठेवत्यात व्हय, जावईबापू? रातीच तांब्याच्या गडव्यात वतलंय की. चिंचंनं लख्ख घासून."

तांबं म्हणजे शेवाळाला विष. गडवा उचलला, तर तो अर्धाच.

"बाकीचं?"

"गल्लीत दिलं की. तुमी अनवाणी जाऊन आणलेलं, म्हनून समद्यांनी लई भक्तीनं घेतलं."

गडवा घेऊन कॉलेजात पळालो. सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"गोळे आहेत," सर म्हणाले, "पण एकही हलत नाही. मेलेत. बरं, कसल्या पाण्यातले, ते तरी सांगा."

आता नोकरी या एका उत्तरावर होती. मी छाती काढून म्हणालो, "म्हशी डुंबतात तसल्या डबक्यातले, सर. शेणामुतानं चांगलं मुरलेलं पाणी."

सरांची नजर गडव्यावर गेली.

"हा ईरम्मांचा ना? सकाळी यातूनच तीर्थ दिलं त्यांनी. मी दोनदा मागून घेतलं."

"काळजी नको, सर," मी धीर दिला. "तोवर सगळे मेलेलेच होते."

मला कायम करायचं सर निवृत्त होईपर्यंत बघतच राहिले. आकार मी बरोबर ओळखला होता, पाणीही बरोबर. फक्त ते कुणाच्या पोटात गेलंय, तेवढं ओळखता आलं नाही.