माधवी नावाची कैफियत, पान एक कमी

श्रीवाग्देवता साक्ष. शके सोळाशे अडतीस, दुर्मुख नाम संवत्सर, वैशाखमास. राज्याचे नाव पुसू नये. सांगितल्याने आता कोणाचे भले होत नाही.

ते समयी विसंभट पुराणिकांस मिळावयाचे ते येणेप्रमाणे: शालजोडी एक, आणि श्रावणमासी राजवाड्यात पोथी सांगण्याचा मान जन्मभर. द्यावयाचे इतकेच, की एक नाव. कारण की महाराजांस पुत्राची आशा, ती जाऊन कन्या जाहली, आणि महाराज चार दिवस कोणाशी बोलिले नाहीत, आणि बारसे तोंडावर आले. मग विसंभट पुढे होऊन बोलिले, "महाराज, माधवी नाव ठेवावे. माधवी म्हणजे वसंतात फुलणारी वेल. आणि मूळ पाहता ययाति राजाची कन्या. राजा पुण्य सरून स्वर्गातून खाली आला, तेव्हा तिने आपले निम्मे पुण्य बापास देऊ केले आणि तो परत स्वर्गी गेला." महाराजांची कळी खुलली. "म्हणजे पुत्राविना आमची सोय जाहली म्हणा की!" "पक्की सोय, महाराज!" मग आत्याबाईंनी बाळाच्या कानात नाव सांगितले, आणि शालजोडी विसंभटांचे खांद्यावर पडली. कथेचा मधला भाग त्यांनी गाळिला होता. शुभकार्यात अशुभ अध्याय वाचू नये ही पुराणिकांची रीत, आणि ज्या रीतीने शाल मिळते ती रीत मोडवत नाही.

मग बाईसाहेब वाढल्या, आणि दर श्रावणी पडद्याआड बसून पोथी ऐकू लागल्या, आणि "काका, माझी गोष्ट सांगा" म्हणून हट्ट धरू लागल्या, आणि विसंभट दर वेळी वेल सांगत, स्वर्ग सांगत, मधली पाने रुमालात बांधून ठेवीत. त्यांस पोटी अपत्य नव्हते. जीव काय तो त्या मुलीवर.

सोळावे वर्षी पागेत रोग शिरला आणि घोडे पटापट मेले, आणि शत्रू सरहद्दीस आला. तशात उत्तरेच्या राजांचे पत्र आले. वय साठ, राण्या तीन, पुत्र नाही. मजकूर ऐसा की, "कन्या द्यावी, सहाशे घोडे घ्यावे. पुराणातल्या माधवीस बापाने ऐसीच दिली आणि तिने राजांस पुत्र दिले. खातरजमा आपल्या पुराणिकांकडून करावी." महाराज लाजले. मग लाज बाजूस ठेवून विसंभटांस बोलाविले.

"आहे का हो ऐसे पोथीत?"

विसंभटांनी घाम पुसला. नाही म्हणावे आणि लबाडी उघडी पडावी, तर श्रावणातली बैठक जाते, कदाचित धडावरची मानही जाते. "आहे, महाराज."

"वाचा तर."

मग रुमाल सुटला, आणि विसंभटांनी वाचिले की, गालव नामे ऋषिकुमार गुरुदक्षिणेसाठी आठशे घोडे मागावयास ययातीकडे आला, आणि राजाकडे घोडे नव्हते म्हणून राजाने कन्या दिली, आणि गालवाने ती एका राजास दोनशे घोड्यांवर दिली, पुत्र जाहला की दुसऱ्यास, मग तिसऱ्यास, आणि घोडे तरी उणेच राहिले म्हणून शेवटी खुद्द गुरूस. महाराजांनी मान डोलाविली. आधार सापडला होता.

पडद्याआडून बाईसाहेब बोलिल्या, "काका, इतकी वर्षे ऐकते, ही पाने कधी आली नाहीत?"

"अशुभ म्हणून बांधून ठेविली होती, बाईसाहेब."

"मग आज काय शुभ जाहले?"

विसंभट रुमालाची घडी घालू लागले. बाईसाहेबांनी पुढे पुसले, "शेवटी तिचे काय जाहले?" "बापाने स्वयंवर मांडिले, आणि तिने सगळे राजे टाकून वनास माळ घातली." "तेवढे पान मला द्या." पडद्याखालून हात आला, आणि विसंभटांनी पान दिले.

लग्न लागले, घोडे आले. दीड वर्षाने पुत्र जाहला, आणि उत्तरेच्या राजांनी पुत्र ठेवून घेऊन बाईसाहेबांस माहेरी लावून दिले, की काम जाहले. इकडे महाराजांनी दुसऱ्या राजाशी बोलणे आधीच लाविले होते. वाटेत नदीच्या उतारावर पालखी टेकली, बाईसाहेब उतरल्या आणि रानात गेल्या. भोयांनी हाका मारिल्या. आठ दिवस शोध जाहला. सापडल्या नाहीत.

पुढे महाराजांचा अंतकाळ आला. "विसंभट, कन्या पुण्य देते ते पान वाचा. आमची जाण्याची वेळ जाहली."

"ते पान पोथीत नाही, महाराज. वनाचे पान बाईसाहेबांनी नेले, त्याच्याच पाठीवर ते होते."

"तुम्हांस तोंडपाठ असेल!"

विसंभटांस अक्षरन् अक्षर पाठ होते. "नाही, महाराज," ते बोलिले. जन्मात गाळिलेले हेच एक पान, की ज्यावर शाल मिळाली नाही.

एवंच. उत्तरेस पुत्र मिळाला. महाराजांस घोडे मिळाले, ते पहिल्याच लढाईत निम्मे पडले. स्वर्ग मिळाला न मिळाला, पाहून कोणी आले नाही. विसंभटांची शाल कसरीने खाल्ली. घेणारे हे तिघे. देणारी एकच, आणि तिला नाव ठेविताना कोणी पुसले नव्हते.