माळकरी मैलावाहिनी

आमच्या इमारतीच्या मैलावाहिनीने गेल्या कार्तिकी एकादशीस माळ घातली आणि पाण्यात न विरघळणारे काहीही पोटात घेणे सोडले. तिचा संकल्प न्हाणीच्या जाळीतून चारही बिऱ्हाडांना स्पष्ट ऐकू आला. आम्ही तो मान्य केला; व्रत ज्याचे त्याने पाळावे.

पौषात अडचण उद्भवली. एका सकाळी वाहिनीने तळमजल्यावरील सरूबाई थोरवतांच्या शौचालयात एकेचाळीस ओले वाइप्स परत पाठवले आणि वाट बंद केली. सरूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन अकराच दिवस झाले होते.

"बुवा, मला जिना चढवत नाही," त्या म्हणाल्या. "आता काय काठी टेकत पलीकडच्या गल्लीत कुणाकडं जाऊ? आणि तिथं काय सांगू?"

इमारतीचा अध्यक्ष आणि भजनी मंडळाचा बुवा या दोन्ही नात्यांनी निवाडा मीच दिला. दुसऱ्या मजल्यावरील केतकीचे बाळ सात महिन्यांचे होते. दोष तेथलाच असणार.

"काका, आमचे वाइप्स कचऱ्याच्या डब्यात जातात," केतकी म्हणाली. "डबा उघडून दाखवू?"

डबा उघडण्याची गरज नाही, असे मी सांगितले. निवाडा मात्र कायम ठेवला.

दौलत मिस्त्री सळई घेऊन आला. त्याने अंगणातील चेंबरचे झाकण उचलले, आत पाहिले आणि सळई भिंतीला टेकवून ठेवली.

"माळकरी बाई आहे. जबरदस्ती नाही करायची," असे म्हणून तो वाकला. "माउली, कुणाचं हाय हे?"

"वास घ्या," वाहिनी म्हणाली.

मिस्त्रीने काठीने एक वाइप उचलून नाकाजवळ धरला. "अष्टगंध."

सर्वांनी माझ्या कपाळाकडे पाहिले.

वस्तुस्थिती अशी होती. रोज पूजेआधी मी देवांच्या तसबिरी आणि समई या वाइप्सनी पुशीत असे. देवाला लागलेले ते सारे निर्माल्य. निर्माल्य कचऱ्यात टाकू नये, वाहत्या पाण्यात सोडावे. नदी चार मैलांवर, म्हणून मी न्हाणीची जाळी उचलून नळ मोठा सोडीत असे. पाणी वाहत होते.

"पाकिटावर छापले आहे, सांडपाण्यात सोडण्यास सुरक्षित," असे निवेदन करून मी पाकीट सादर केले.

"पाकीट कधी माझ्यात उतरले आहे का?" वाहिनीने विचारले.

मिस्त्रीने बादलीत पाणी घेतले. त्यात एक साधा टिश्यू कागद आणि एक वाइप टाकून सळईने ढवळले. चहा होईपर्यंत कागदाचा लगदा होऊन पाण्यात मिसळला. वाइप तसाच तरंगत होता. मिस्त्रीने तो पिळून दोरीवर वाळत घातला.

"चूक माझी आहे," मी म्हणालो.

"ते मला ठाऊक आहे," वाहिनी म्हणाली. "जिच्यावर आळ घेतलात तिला सांगा. दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेले पाहिजे."

चाळीस वर्षे कीर्तनात अहंकार सोडण्याविषयी मी याच आवाजात बोललो होतो, तरी तो आवाज लागेना. तिसऱ्या प्रयत्नात लागला. "केतकी, दोष माझा होता. तुझा नव्हता." वर गॅलरीत बाळ हसले. चेंबरमध्ये मोठी गुडगुड झाली आणि पाणी उतरले.

"सरका बुवा, क्षमा नंतर मागा," काठी सावरत सरूबाई म्हणाल्या. "आधी मला जाऊ द्या."

आता देवांना मी सुती वस्त्राने पुसतो आणि ते धुऊन वाळवतो. वाहिनीचे व्रत चालू आहे. न्हाणीत पाणी ओतण्यापूर्वी प्रत्येकाने आपण कोण ते सांगावे, असा तिचा नियम आहे. इतरांना ती लगेच "या" म्हणते. मी नाव सांगितले की ती थोडा वेळ थांबते आणि म्हणते, "बघू."