ओबरलिंडेनचे स्टेशन मास्तर

रोज सकाळी अकरा वाजता खांबेटे मास्तर मला सांगायचे, की जर्मनीतल्या ओबरलिंडेन स्टेशनची लिफ्ट आजही बंद आहे. नमस्कार त्यानंतर.

आम्ही दोघंही आपापल्या मुलांकडे तीन महिन्यांसाठी परदेशात, मेनूथ नावाच्या गावी आलो आणि टाळेबंदीत अडकलो. दारं शेजारी-शेजारी. पाच किलोमीटरच्या आत फिरायची परवानगी होती, म्हणून कालव्याकाठी चालायचो, मध्ये दोन मीटर सोडून. त्या दोन मीटरचा मला फार आधार होता.

माणूस रेल्वेतून निवृत्त. ज्या स्टेशनात आयुष्य काढलं तिथं दिवसाला दोन गाड्या थांबत. पण ऐट अशी, की सगळ्या देशाचे सांधे हेच बदलत होते. "वहिनी, स्टेशन म्हणजे गावाचा चेहरा," हे पालुपद. कालव्याला लागून मेनूथचं स्टेशन आहे, त्याच्याकडे ढुंकून पाहत नसत. सगळा जीव ओबरलिंडेनवर, आणि ते पाहिलेलं फक्त कॉम्प्युटरवर.

तिथली इमारत लाल विटांची. पूर्वी तिथून साखर कारखान्याला बिटाच्या मालगाड्या जात. आता तासाला एक गाडी, तिकिटाचं यंत्र, सायकली ठेवायला जागा, बाहेर बसचा थांबा. संडास नाही.

"वेटिंग रूमला कुलूप, वहिनी. प्रवाशानं जायचं कुठं?"

"घरून जाऊन यावं."

लिफ्टसाठी त्यांनी तिथल्या स्टेशन मास्तरांना इंग्रजीत चार पत्रं लिहिली. पुलाच्या पायऱ्या फोटोत मोजून कळवल्या. प्रत्येक पत्रात 'बाबागाडी घेऊन येणाऱ्या मातांची गैरसोय' होतीच.

"तुम्हाला मातांचं एवढं काय पडलंय?" मी विचारलं.

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

तत्त्व काय, ते त्यांच्या सुनेनं मला कुंपणावरून सांगितलं. मास्तरांची मुलगी त्याच गावात राहते. तिनं तिथल्या मुलाशी लग्न केलं. मास्तर लग्नाला गेले नाहीत, तिचा फोनही घेतला नाही. मग तिनं करायचं सोडलं. नातू वर्षाचा झाला, यांनी पाहिला नाही. बाबागाडी ढकलत ती रोज त्या स्टेशनातून त्याला पाळणाघरात सोडायला जाते. मुलीला फोन करायचा सोडून माणूस लिफ्टची तक्रार करत होता. एवढा लांबचा रस्ता पुरुषांनाच सापडतो.

नोव्हेंबरात उत्तर आलं. मास्तर पाकीट घेऊन कालव्याच्या बाकावर बसले, मी दुसऱ्या टोकाला. वाचून मराठीत सांगू लागले आणि मध्येच थांबले.

ओबरलिंडेनला स्टेशन मास्तरच नव्हता. कित्येक वर्षांपासून नव्हता. रेल्वेनं इमारत विकली होती आणि स्टेशन मास्तरांच्या जुन्या खोलीत एक बाई लोकांचे केस कापत होती. चारही पत्रं त्या बाईला पोचली होती.

"स्टेशन आहे आणि मास्तर नाही," खांबेटे म्हणाले. "ऑफिसात केस कापतात, वहिनी."

"दिवसभर काम तरी असेल. तुम्हाला दोनच गाड्या होत्या. पुढं वाचा."

पुढं लिहिलं होतं, की लिफ्ट बंद आहे हे खरं. रोज सकाळी एक भारतीय मुलगी बाबागाडी घेऊन येते. एक बाजू ती उचलते, एक मी. तुम्ही तिचे कोणी आहात का? असाल तर या पत्रांचं तिला सांगू का?

मास्तरांनी कागद गुडघ्यावर ठेवला. "विचार करून कळवतो."

"विचार कसला? ती पायऱ्या चढतेय."

त्यांनी खिशातून कोरा कागद काढला. इंग्रजीत लिहीत गेले तसं मला मराठीत सांगत गेले: आपल्या पत्राच्या संदर्भात, सदर माहिती संबंधित व्यक्तीस देण्यास आमची हरकत नाही.

"ती न्हावीण आहे, कलेक्टर नाही," मी म्हटलं.

त्यांनी सही केली. सहीखाली हुद्दा लिहायची सवय. तिथं पेन अडलं.

"इथं काय लिहू, वहिनी?"

"जे आहात ते लिहा."

मला थंडी वाजायला लागली. शेवटी त्यांनी काहीतरी लिहिलं, तेव्हा मी मान लांब करून पाहिलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, इंग्रजी येत नाही. त्या पत्रातला तेवढाच एक शब्द मला वाचता आला. 'बाबा', मराठीत.

"न्हाविणीला हे कळणार नाही," मी म्हटलं.

"तिच्यासाठी नाहीच आहे ते," मास्तर म्हणाले.